दोन थरांची कौलं

छपराचं काम करणाऱ्या लिंडनरने चहाचा कप बाजूला सारला आणि दोन कौलं टेबलावर ठेवली. एक मोठं, सिमेंटचं. दुसरं भाजक्या मातीचं, तळहातापेक्षा थोडं मोठं, खालून गोलसर.

"हे तीस-चाळीस वर्षं टिकेल," तो सिमेंटच्या कौलावर टिचकी मारत म्हणाला. "आणि हे तुमच्या-माझ्यानंतरही राहील. पण खर्च जवळजवळ दुप्पट."

शिरीष पटवर्धन सदुसष्ट वर्षांचे. डार्मश्टाटजवळच्या या गावात, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर म्हणून त्यांचा जन्म गेला. पत्नी शुभदाताई गेल्याला दोन वर्षं झाली होती. आता छप्पर गळू लागलं होतं.

त्यांनी हॅम्बुर्गला लेकीला फोन लावला.

"मैथिली, काय करू गं? महागाची घेऊ का?"

मैथिलीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. "बाबा, साधी घ्या. मी काही तिथे राहायला येणार नाही. पुढे घर विकायचंच आहे ना?"

तिचा आवाज प्रेमळ होता. "गेनाऊ," ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

दुसऱ्या दिवशी लिंडनर होकार घ्यायला आला. साधी कौलं सांगायची असं शिरीषरावांनी ठरवलेलं होतं. तरी सहज विचारलं, "काम किती दिवस चालेल?"

"सिमेंटची मोठी असतात. आठवड्यात उरकेल. ही लहान, दोन थरांत लावावी लागतात. तीन आठवडे तरी धरा."

शिरीषरावांनी मातीचं कौल उचललं, उलटसुलट केलं.

"हीच लावा," ते म्हणाले.

मग रोज सकाळी दारात गाडी थांबू लागली. लिंडनर आणि त्याचा पोलिश जोडीदार मारेक वर चढत. शिरीषराव वर्तमानपत्र घेऊन खाली बसत, पण वाचत नसत. डोक्यावर कुणीतरी चालत होतं, हाका मारत होतं, हातोडी मागत होतं. नऊच्या सुट्टीला ते आल्याचा चहा करत. एकदा उपमा केला. मारेकने बोटाने मिरची बाजूला काढली आणि ताटली पुन्हा पुढे केली.

"बायकोने शिकवलं?" लिंडनरने विचारलं.

"नाही. ती असती तर मला स्वयंपाकघरात उभं राहू दिलं नसतं." मग कसं कोण जाणे, ते बोलतच सुटले. शुभदा पन्नाशीत गाडी शिकली आणि भरधाव ऑटोबानवर ट्रकच्या मागे जेमतेम ऐंशीच्या वेगाने तिने हायडेलबर्ग गाठलं. मागचे हॉर्न वाजवायचे आणि ही त्यांना हात हलवून दाखवायची. मारेक इतका हसला की चहा सांडला. तिच्या आठवणीने कुणी हसल्याला फार दिवस झाले होते.

मध्ये पावसाचा दिवस आला. काम बंद होतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले.

मैथिलीचा फोन आला. "महागाची का घेतलीत, बाबा?"

"दिसायला छान आहेत," ते म्हणाले.

शेवटच्या दिवशी परांची उतरली. लिंडनरने हात पुढे केला. "झालं, पटवर्धनसाहेब. आता साठ वर्षं तुम्हाला माझं तोंड बघायला नको."

"या की कधी. चहाला."

"हो, हो. नक्की," लिंडनर म्हणाला. त्याचं लक्ष मारेककडे होतं; तो गाडीतल्या शिड्या बांधत होता.

गाडी कोपऱ्यावरून वळली. फुटपाथवर लाल मातीची बारीक भुकटी पडली होती. शिरीषरावांनी झाडू आणला आणि आपल्या दारासमोरची झाडून काढली. मग शेजारच्यांच्या दारासमोरची. तिथून पुढे भुकटी नव्हती, तरीही ते झाडत राहिले, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत.