मोड आलेली मटकी

क्रांती चौकातल्या पुस्तकाच्या दुकानात म्हाळसाबाई पाऊण तास बसली होती, आणि तेवढ्या वेळात तिनं तीन पुस्तकं नापास केली होती.

पहिल्यावर एका बाईचा फोटो होता. भरजरी साडी, कोपरापर्यंत बांगड्या, पुढ्यात लखलखीत परात. म्हाळसाबाईनं फोटोतल्या हातावर बोट ठेवलं. "हिच्या नखात पिठाचा कण नाय," ती सुनेला म्हणाली. "ठेव खाली."

दुसऱ्यात सगळं मोजूनमापून दिलं होतं. एक वाटी हे, पाऊण वाटी ते.

"कुणाची वाटी?" तिनं दुकानदाराला विचारलं. "लिवणारीच्या घरची का आमच्या घरची?"

दुकानदार काकासाहेब सोशिक माणूस होते. "मावशी, कोणतीही वाटी घ्या. सगळं एकाच वाटीनं मोजलं म्हणजे झालं."

"आन् मीठ? मीठ म्हणं चवीनुसार. ज्याला चव कळती त्यो पैसे देऊन पुस्तक कशाला घेईल?"

तिसरं पुस्तक जाडजूड होतं. त्यात पनीर होतं, काजूची पेस्ट होती, भट्टीत भाजायचे प्रकार होते. ते तिनं उघडलं तसंच मिटलं. "हे लग्नातल्या आचाऱ्याला द्या."

म्हाळसाबाई अक्षराला उशिरा लागली होती. पोलीस ॲक्शन झाली त्या साली तिच्या अंगाला हळद लागली, पण हाताला पाटी लागायला पंचावन्न वर्षं गेली. दौलताबादच्या अलीकडं त्यांची वस्ती, तिथं साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा ती शिकली. अजून ती बोट सरकवत, ओठ हलवत वाचायची. इतक्या कष्टानं हाती आलेलं अक्षर, आणि लोकांनी त्यातून काय छापावं, तर 'पाणी उकळून घ्यावे'! पाणी उकळतात हे सांगायला शाई खर्चणाऱ्या माणसांची तिला कीव येत नव्हती, किळस येत होती.

सून आशा मात्र पुस्तक घेतल्याशिवाय उठणार नव्हती. तिचं कारण तसंच होतं. चितेगावच्या एका कारखान्यात तिला पॅकिंगचं काम लागलं होतं. पुढच्या सोमवारपासून कायमची पहिली पाळी, सकाळी सहाला चौकात गाडी. तिचा नवरा त्रिंबक दुसऱ्या कारखान्यात फिटर होता. बायकोला काम लागल्याचं ऐकून त्यानं खाटेवर पडल्या पडल्या अट घातली होती.

"आठ दिवस बघतो. रोजचा स्वयंपाक आधी ठरवून, वेळेवर झाला तर जा कामाला. नायतर येत नाय म्हणून कळव त्यांना."

म्हाळसाबाईला घरचा सगळा भार उचलता आला असता तर तिनं उचललाही असता. पण मागच्या साली न्हाणीत घसरून तिचं उजवं मनगट मोडलं आणि वाकडं जुळलं. चिरणं, निवडणं व्हायचं. भाकरी थापायला हात काही चालत नव्हता. त्या हाताकडंही ती आटलेल्या शेळीकडं बघावं तशी बघायची.

शेवटी आशानं चौथं पुस्तक उचललं. 'सुखी कुटुंबाच्या सात थाळ्या.' वर आई, बाप, दोन लेकरं ताटापुढं बसून दात काढत होती.

"हे जेवाया बसलेत का फोटोला?" म्हाळसाबाई म्हणाली.

"आत्या, ह्यात सोमवार ते रविवार सगळं ठरवून दिलंय. आपल्याला डोकं चालवायला नको."

"त्याचंच तर भ्याव हाय मला." तिनं मंगळवारचं पान काढून वाचलं. "भ... भरली वांगी. घ्या! चातुर्मास चालू हाय. चंपाषष्ठीपोतूर आपल्या घरात वांगं शिरत नाय, हे खंडोबाला ठाऊक हाय. छापणाऱ्याला नाय."

"मंगळवारी दोडका करू की," आशा म्हणाली आणि तिनं पुस्तकाचे पैसे देऊन टाकले.

अटीच्या आठवड्यातला सोमवार निभला. मंगळवारी दोडक्यावर भागलं. बुधवारी पहाटे पाचला आशानं दिवा लावून त्या दिवसाचं पान उघडलं. पहिलीच ओळ होती: 'मोड आलेली मटकी दोन वाट्या घ्यावी.'

मटकी डब्यात होती. कोरडी, खडखडीत. डबा हलवला की खुळखुळ्यासारखी वाजत होती.

आता आशानं मटकीची उसळ आयुष्यात काय कमी वेळा केली होती? मटकी दोन दिवस आधी भिजवायची, फडक्यात बांधायची, मग कुठं मोड येतात, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. पण पुस्तक घरात आल्यापासून ती पुढचं पान उलटतच नव्हती. आजचं पान आज. पुस्तकानं सोमवारी सांगितलं नाही, म्हणून हिनं सोमवारी भिजवली नाही. म्हाळसाबाई भिंतीला टेकून हा तमाशा बघत होती.

"घे की," ती म्हणाली. "मोड आलेली घ्यावी म्हणतंय. घे कुठून तरी."

त्रिंबकची त्या आठवड्यात पहिली पाळी होती. डब्यात भाकरी आणि नुसती चटणी बघून तो हसला. "सुखी कुटुंब!" म्हणाला आणि सायकल काढून गेला.

गुरुवारी पुस्तकात मसालेभात होता. त्रिंबकचा गुरुवारी उपास. आशानं भात केला आणि मग डोक्याला हात लावला. शुक्रवारी पुस्तकानं मागितलेली भाजी बाजारात मिळेना. शनिवारी संध्याकाळी त्रिंबकनं खाटेवर पाय पसरले.

"झाली परीक्षा," तो म्हणाला. "शेजारच्या मनकर्णाबाईची पोरगी त्याच कंपनीत जाती ना? तिच्यासंगं निरोप धाड."

 आशा मोरीपाशी बसून भांडी घासत राहिली, आणि एकच पातेलं तिनं तीनदा घासलं.

म्हाळसाबाईनं ते मोजलं. आठवडाभर ती पुस्तकाला शिव्या घालत होती. आता तिनं लेकाकडं पाहिलं. उताणा पडून पायाची बोटं हलवत होता. पुस्तक बिचारं निदान गप्प तरी बसतं, तिच्या मनात आलं. हे खातंय आणि वर गुण देतंय.

रविवारी ती सुनेला घेऊन जाफर गेटच्या बाजाराला गेली. तिच्या वस्तीवर आठवडा कुणी कधी लिहून काढला नव्हता. बाजारच आठवडा ठरवायचा. बाजारच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालेभाजी, कारण ती टिकत नाही. मग दोडका, गवार. मग कडधान्य. बाजारच्या आदल्या दिवशी घरात काही उरत नाही, म्हणून पिठलं. अडाणी बायांनी पिढ्यान्‌पिढ्या असंच रेटलं, आणि एकही उपाशी मेली नाही.

बाजारातून आल्यावर तिनं पुस्तकाचं शेवटचं कोरं पान उघडलं आणि बॉलपेन घेतलं. सात ओळी लिहायला दोन तास लागले. मनगट ठणकलं. मग जेवणं झाल्यावर तिनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि बोट सरकवत वाचलं.

"सोमवार. चुक्याची भाजी. मटकी भिजवणे. भाकरी... त्रिंबक."

त्रिंबकनं मान वर केली. "काय?"

"मंगळवार. दोडका. मटकी बांधलेली बघणे. भाकरी, त्रिंबक. बुधवार. मटकी. भाकरी, त्रिंबक. गुरुवार..."

"माय, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? मी भाकरी थापू?"

"उद्यापून तुझी दुसरी पाळी. दोन वाजेपोतूर लोळत असतोस. ह्या पुस्तकात कोथिंबीर कवा भुरभुरायची ते बी लिवलंय, पण करणाराचं नाव एका पानावर नाय. तेवढं मी घातलं."

"लोकं काय म्हणतील?"

"कंची लोकं? तुझा बाप कारभारी चाळीस वर्षं मेंढरांमागं हिंडला. तीन दगडं मांडायचा आन् भाकरी थापायचा. बारा वर्षांचा तू, चार महिने त्याच्यासंगं रानात होतास. तवा काय बायको आली व्हती थापायला? तूच थापायचास. आता कंपनीचा बिल्ला लागला न् हात झडलं व्हय?"

"ते रानातलं निराळं असतंय."

"पोटाला रान कळत नाय न् कॉलनी कळत नाय. अट तुझी व्हती. आधी ठरवून, वेळेवर. ठरलं. आता वेळेवर कर."

"आन् नाय केलं तर?"

म्हाळसाबाईनं पुस्तक मिटलं. "तर मी वस्तीवर जाती आन् भावकीत सांगती, कारभाऱ्याच्या पोराला भाकरी येत नाय. आपल्यात असल्या माणसाच्या हाती कुणी चार मेंढरं देत नव्हतं, माहीत हाय ना?"

त्रिंबकचं तोंड उतरलं. आशानं पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ पाहिलं.

"पीठ खालच्या डब्यात हाय," ती म्हणाली. "निळ्या झाकणाच्या."

आठ वर्षं तो त्या घरात राहत होता आणि तिला ते सांगावं लागलं.

सोमवारी पावणेसहाला आशा चपला घालून बाहेर पडली. डब्यात तिनं स्वतःपुरती भाजी-भाकरी घेतली होती, बाकी परात तशीच पालथी ठेवली होती. म्हाळसाबाई दारात उभी राहिली. गाडीचा हॉर्न वाजला, गाडी गेली, मग ती आत आली.

नऊ वाजता त्रिंबक परातीपुढं बसला. म्हाळसाबाई भिंतीला टेकून लसूण सोलत होती.

पहिली भाकरी उचलतानाच तुटली.

"पाणी गार घेतलंस," ती म्हणाली.

दुसरीचे काठ चिरले, पण ती तव्यावर पडली. त्रिंबकनं वरून पाण्याचा हात फिरवला, न सांगता. भाकरी अर्धीच फुगली. त्यानं ती ताटात टाकली, वर चुक्याची भाजी वाढली आणि आईपुढं सरकवली.

म्हाळसाबाईनं तुकडा मोडला आणि बराच वेळ चावला.

"वाईट झाली?" त्यानं विचारलं.

"तुझ्या बापाच्या कुत्र्यानं खाल्ली असती," ती म्हणाली, आणि उरलेली सगळी खाल्ली.

मग बोटं चाटत तिनं फळीकडं हात केला. "जायच्या आधी दोन वाट्या मटकी भिजत घाल. बुधवारची हाय."

त्रिंबक डबा काढून फळीपुढं उभा राहिला. तिथं पाच मापांच्या पाच वाट्या उपड्या घातल्या होत्या.

"कंची वाटी, माय?"

म्हाळसाबाईनं त्याच्याकडं, 'पाणी उकळून घ्यावे' छापणाऱ्याकडं बघावं तसं पाहिलं.

"कंची बी," ती म्हणाली.