अकरा कापडं आणि एक वाकडं हाडूक

युपिनने चार वर्षं मागावर बसून सासरच्यांसाठी रेशमाची अकरा कापडं विणली. आमच्या हत्ती पाळणाऱ्या कुई लोकांत नवरी सासरच्या प्रत्येक वडीलधाऱ्याला आपल्या हातचं कापड देऊन पाया पडते, तिच्या सासरच्या ख्मेर लोकांतही तसंच. तिची आई गेल्यापासून मी मावशीच तिची आई, म्हणून सांगते. त्या कापडांनी पोरीची पाठ मोडली.

आणि लग्नाच्या दिवशी त्यातलंच एक कापड मांडीवर घेऊन नवरदेवाची आत्या सारेम म्हणाली, "हे लग्न होणार नाही."

आमच्या पूर्वजांपुढे दोन उकडलेल्या कोंबड्यांचा नैवेद्य होता. एकीच्या जिभेखालचं तीन टोकांचं हाडूक सारेमच्या चिमटीत होतं. ते सरळ निघालं तर पूर्वज राजी. हे वाकडं होतं.

"हत्तीवाल्यांची पोर करू नका, मी आधीपासून सांगत होते," ती तिच्या माणसांना म्हणाली. "आता त्यांच्याच पूर्वजांनी सांगितलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरदेव विरात तिच्या शेजारीच बसून सदऱ्याची बटणं चाचपत होता. मी नैवेद्याकडे पाहिलं. उदबत्ती अर्धीसुद्धा जळली नव्हती.

"विहीणबाई, उदबत्ती विझेपर्यंत पूर्वज जेवत असतात. तोवर हाडूक उपटू नये, हे तुमच्यात शिकवत नाहीत वाटतं?"

"अहो, उशीर होत होता."

"म्हणून त्यांच्या तोंडातला घास ओढलात? मग वाकडं हाडूक तुमच्या नावाचं. पूर्वजांना डुकराचं मुंडकं वाहा आणि माफी मागा. हत्तीवाल्यांनाही एवढी रीत कळते."

दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी माझीच बाजू घेतली. सारेमला मुंडकं कबूल करून पूर्वजांपुढे गुडघे टेकून हात जोडावे लागले. उदबत्ती विझल्यावर दुसऱ्या कोंबडीचं हाडूक मी स्वतः काढलं. सरळ निघालं. ढोल वाजायला लागले आणि मला लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

युपिन मात्र हसली नाही. "विरात," तिने विचारलं, "हेही वाकडं निघालं असतं तर तू काय केलं असतंस?"

विरातने आत्याकडे पाहिलं.

युपिन उठली. एकेकाच्या मांडीवरून तिने आपली कापडं उचलली. सारेमने आपलं घट्ट धरलं होतं, तेही ओढून घेतलं.

"अगं, पूर्वज राजी आहेत ना आता," मी तिचा दंड धरला. "उगाच हट्ट करू नकोस."

"पूर्वजांना नांदायचं नाहीये, मावशी. मला नांदायचंय."

वऱ्हाड शिव्या देत निघून गेलं. मीही त्या पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि हट्ट करू नकोस म्हणाले म्हणून थोडा माझाही. अकरा कापडं पेटीत परत गेली. मग सरळ हाडाची ती कोंबडी आम्ही दोघींनी मीठ-मिरची लावून संपवली. युपिन बोटं चाटून खात होती.