खालच्या खुंट्या

“थांब गो, पोरीला हिकडं दे. तुजा श्वास बग कसा चाललाय, लोहाराच्या भात्यावानी,” आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्या कडेवरची अंबू त्यांनी उचलून घेतलीसुद्धा.

पोलादपूरच्या पुढे महाबळेश्वरच्या रस्त्यावर एस.टी.नं आम्हाला उतरवलं, तेव्हापासून चढच होता. माझ्या पायात वहाणा होत्या; आत्याबाई, माझ्या सासूबाई, अनवाणी. भातं कापून झालेली, नाचणीची कणसं घराघरासमोर वाळत घातलेली. वाटेत भेटलेल्या गुराख्यानं कुठं निघालात म्हणून विचारलं, तर आत्याबाईंनी “वर” एवढंच सांगितलं. वाडीचं नाव घेतलं नाही.

“अजून किती?”

“शिकलेल्या मान्सानं यायचा हट धरला न्हवं? मंग चाल. मी म्हनत व्हते, नको.”

त्या खरंच नको म्हणत होत्या. आठवडाभर.

त्याचं असं झालं. अंबू दीड वर्षाची. बोलायला लागली होती, चालायलाही. पण मध्येच कधी तरी जमिनीवर बसायची, दोन्ही हात छातीशी धरायची आणि डोळे अर्धवट मिटून पुढंमागं डुलायला लागायची. नाकातल्या नाकात काहीतरी आवाज. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली किसणी खाली पडली. मग मी तिच्यावर पहारा ठेवल्यासारखी राहू लागले. दुपारी मुलींच्या शाळेत शिकवायला जायचे, तेव्हा ती आत्याबाईंजवळ असायची. बाकी सगळा वेळ माझे डोळे तिच्यावर. तिनं डुलायला सुरुवात केली की मी झडप घालून तिला उचलायचे. ती रडायची. मीही.

महाडच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, फेफऱ्याचा एखादा प्रकार असू शकेल. गोळ्यांची बाटली दिली, आणि म्हणाले, “सुरू केल्या की काही वर्षं मध्ये सोडता येणार नाहीत. त्याआधी घराण्यात कुणाला असं होतं का, ते विचारून घ्या. दोन्हीकडं.”

माझ्या माहेरी कुणाला नव्हतं. सासरी विचारलं, तर पाटावरवंटा थांबला.

“डुल्यांचं हाय ते,” आत्याबाई हळूच म्हणाल्या. “रक्तातनं आलं.”

त्या रात्री माझ्या नवऱ्याकडून थोडंसं कळलं. त्याचे आजोबा हैबती मूळचे सकपाळ नव्हतेच. ते घरजावई आले होते, आणि आले होते ते डुल्यांच्या वाडीवरून. ते लोक लग्न करत नसत, संध्याकाळी ओळीनं बसून अंग हलवत देवाचं म्हणत, म्हणून खालच्या गावांनी त्यांना डुले नाव पाडलेलं. “बाबांनी बजावलं होतं, हे बाहेर बोलायचं नाही,” तो म्हणाला. “सोयरिकी मोडतात.” आणि कूस बदलून झोपला.

मी झोपले नाही. लग्न न करणाऱ्यांच्या घरातून आजोबा कसे येतात? कुणी तरी नेम मोडला असणार. मग रक्त त्यांचंच. आणि त्या रक्तात काय होतं, ते डुलणं भक्ती होती की आजार, हे सांगायला कुणी उरलंय का? एक म्हातारी आहे, असं कळलं. राहीबाई.

“मी नाय यायची तिकडं,” आत्याबाई म्हणाल्या होत्या. निघायच्या दिवशी पहाटे उठून पाहते, तर भाकऱ्या फडक्यात बांधून त्या दारात उभ्या. “पोरीला फेफरं हाय म्हनून एकदा तोंडातनं तोंडात गेलं, की तिला कोन करील? जे काय हाय ते आपल्या दोगींतच ऱ्हाऊ दे.”

वाडी म्हणजे आता एकच घर होतं. बाकीची जोती तेवढी दिसत होती, त्यांवर करवंद वाढलेलं. पण ते एक घर मोठं, लांबलचक, आणि त्याला शेजारी शेजारी दोन दारं. डावं लाकडाचा अडसर घालून बंद. उजव्या दारात एक ठेंगणी, वाळलेली बाई सूप घेऊन नाचणी पाखडत होती.

“राहीबाई?”

“हां. कोन तुमी?”

आत्याबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मग मान खाली घालून म्हणाल्या, “हैबतीच्या घरातल्या.”

सूप थांबलं. म्हातारी आमच्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, “हिकडनं या. त्या दारातनं नको. त्ये बाप्यांचं.”

“आता कुठं बापे?” आत्याबाई पुटपुटल्या.

“नसंनात. दार त्यांचंच.”

आतलं घर एकच लांब माजघर होतं. सारवलेलं, स्वच्छ. देव दिसला नाही. मध्यभागी एक समई. आणि चारी भिंतींना, हात पुरेल एवढ्या उंचीवर, एका ओळीत लाकडी खुंट्या. गुळगुळीत, एकीसारखी दुसरी. त्यांच्यातल्या एकीवर घोंगडी, एकीवर लुगडं. बाकी साऱ्या रिकाम्या.

“ज्याची त्याची एक,” म्हातारी म्हणाली. “वळकटी, धडूतं, जे असंल ते खुंटीला. भुईवर काय नाय ठेवायचं. निजायच्या वक्ताला काढायचं. पानी पिनार?”

तिनं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. अंबू तिच्या पायाशी जाऊन बसली. मी विचारायचं ते मनात जुळवत होते. एका ब्रह्मचारिणीला कसं विचारायचं, की तुमच्यातल्या कुणाचं पाऊल घसरलं होतं? म्हणून मी भिंतीकडं बघत राहिले. आणि मला त्या दिसल्या.

मोठ्या खुंट्यांच्या बऱ्याच खाली, माझ्या गुडघ्याच्या थोड्या वर, खुंट्यांची आणखी एक ओळ होती. बारक्या. चारी भिंतींना.

“ह्या कशाला?” मी विचारलं.

“पोरांच्या.”

“कुणाच्या पोरांच्या?”

“आता कुनाच्या म्हनून सांगू?” राहीबाई हसली. तिला पुढचे दात नव्हते. “दुष्काळात घाटावरनं मान्सं उतरायची. काय खाली पोचायची, काय नाय. आपल्याच्यानं जगवत नाय म्हटल्यावर पोर हितं दारात ठेवायची नि जायची. मागनं पटकी आली, पिलेग आला. तवाबी तसंच. आबाजीनं, ज्यानं ही वाडी बसवली त्यानं सांगितल्यालं, दारातलं पोर आत घ्यायचं, कुनाचं म्हनून इचारायचं नाय. मी तशीच आले. हैबती तसाच.”

आत्याबाईंचा चेहरा उतरला. “म्हंजी आमच्या म्हाताऱ्याची जात...”

“इचारायचं नाय म्हटलं न्हवं?”

माझ्या पिशवीत ती बाटली होती. ज्या रक्ताचा शोध घ्यायला मी आले होते, ते रक्त डुल्यांचं नव्हतंच. ते कुठल्या वाटेवरून, कुणाच्या पोटातून आलं, त्यात काय होतं नि काय नव्हतं, हे आता जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं. डॉक्टरांना मी काय सांगू?

“पण मग ते डुलणं?” मी विचारलं. माझा आवाज चढला असावा. “तुम्ही सगळे डुलायचा ना? हात असे धरून?”

“ल्हान पोर मांडीवर असलं म्हंजी तू कशी बसशील गो?” म्हातारी म्हणाली. “संध्याकाळी समई लावली की सगळ्यांनी ओळीत बसायचं. एकेकाच्या हातात एकेक पोर, बाप्यांच्याबी. त्येनला निजवायचं नि देवाचं म्हनायचं, दोनी एकदम. वेगळा वेळ कुनाला व्हता? मागनं पोरं यायची थांबली. हात तसंच ऱ्हायलं.”

एवढं बोलून तिनं हात छातीशी घेतले, कोपरात वाकवून, एकावर एक. आणि ती डुलायला लागली. नाकातल्या नाकात सूर धरला. शब्द नव्हते, तीन-चारच स्वर, वर जाऊन खाली येणारे.

अंबूनं मान वर केली. हात छातीशी घेतले. ती डुलू लागली.

सवयीनं मी उठलेच, तिला उचलायला. तेवढ्यात दुसरा सूर कानावर आला. माझ्या शेजारून.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “तुम्ही डुलताय.”

“मी? मी कवा डुलते?”

“आत्ता.”

त्यांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. हात छातीशी धरलेले होते. “ह्ये व्हय? ह्ये तर दुपारी हिला निजवताना... सासूनं दाखवलं मला. पोर ऱ्हात नसंल तर आसं धर म्हनाली. तिला म्हाताऱ्यानं शिकवलं...” बोलता बोलता त्या थांबल्या.

त्या थांबल्या, तशी राहीबाईही थांबली. आणि अंबू थांबली. तिनं डोळे उघडले, दोघींकडं पाहिलं, आणि पुन्हा करा अशा अर्थानं जमिनीवर हात आपटला.

मी तिला हाक मारली. इतक्या दिवसांत ती डुलत असताना मी तिला कधी हाक मारली नव्हती. नुसती उचलली होती. राहीबाईला म्हटलं, पुन्हा म्हणा. तिनं सूर धरला, अंबू डुलायला लागली, आणि मी म्हटलं, “अंबू.” ती थांबली. वळून माझ्याकडं बघून हसली. पुन्हा तसंच केलं. पुन्हा थांबली.

मी खाली बसले. फेफऱ्यात हाक ऐकू येत नाही.

भाकऱ्यांचं फडकं आम्ही तिथंच सोडलं. राहीबाई एक एक तुकडा पाण्यात भिजवून खात होती. आत्याबाईंनी विचारलं, “म्हातारा हितनं गेला कसा?”

“सकपाळाची रंगू पायानं अधू. बापाला तेवढीच लेक. कोन करनार तिला? ह्यो म्हनाला, मी करतो.” तिनं घोट घेतला. “जानाऱ्याला आडवायचं नाय, ही रीत. पन गेला त्यानं परत ओळीत बसायचं नाय, हीबी रीत. मंग तो त्या खालच्या फनसापाशी येऊन हुबा ऱ्हायचा. दिवेलागनीला. लय वर्सं.”

“तुम्ही बोलायचात?” मी विचारलं.

“काय बोलायचं?” ती म्हणाली. “आयकू जाईल असं म्हनायची.”

आत्याबाईंनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “म्हंजी आमाला कूळच नाय म्हन की.”

“असं कसं? ती काय.” राहीबाईनं बोट दाखवलं. बंद दाराच्या बाजूच्या भिंतीवर, खालच्या ओळीत, कोपऱ्यापासची. “ती हैबतीची. तिच्या बाजूची माजी व्हती, मोठी व्हऊन हिकडच्या भिंतीला आले तवर.”

आत्याबाई उठल्या. भिंतीशी वाकल्या. त्या खुंटीवरून त्यांनी बोट फिरवलं, धूळ आहे का पाहावी तसं. धूळ नव्हती.

निघताना त्यांनी राहीबाईच्या पायाला हात लावला. मीही लावला. उन्हं कलायच्या आत रस्ता गाठायचा होता. फणसापर्यंत उतरलो तेव्हा अंबू आत्याबाईंच्या खांद्यावर पेंगत होती आणि त्या चालता चालता डुलत होत्या. मी नुसती बघत होते. तिच्या डोक्याला वारा लागत होता.

“आत्याबाई, हिची कुंची वर राहिली. मी पटकन आणते.”

“ऱ्हाऊ दे,” त्या मागं न वळता म्हणाल्या. “म्हाताऱ्याच्या खुंटीवर हाय.”

मी मागं वळून पाहिलं. दोन दारांतल्या एका दारात राहीबाई उभी होती. दिवेलागणीला अजून अवकाश होता, पण तिनं हात छातीशी घेतले होते, रिकामे, आणि ती डुलत होती.