चाळीस जणांची मावशी

आई गेल्यावर महिन्याभराने कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तिच्या आठवणींसाठी सभा ठेवली. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढणारी तिची एकुलती एक लेक अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली आणि पहिल्या रांगेत बसली.

त्यांचं घर कॉलेजच्या मागच्या फाटकाला लागून होतं. हॉस्टेलच्या जेवणाला विटलेली पोरं केव्हाही यायची आणि आई आणखी एक ताट घ्यायची. परीक्षा आल्या की लेकीची खोली त्यांच्या अभ्यासाला जायची. दहा वर्षांची ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून गृहपाठ करायची. कुरकुर केली की आई म्हणायची, "अगं, त्यांच्या आया लांब आहेत. तुझी इथेच आहे ना?"

इथेच होती खरी, पण हिच्या वाट्याला कधी आली?

एक टकला गृहस्थ सांगत होता, "मला ताप आला तेव्हा मावशी तीन दिवस उशाशी बसून होत्या." त्याच तीन दिवसांत लेकीचं शाळेतलं नाटक झालं होतं. टाळ्या वाजल्या. हिने हात मांडीवरच ठेवले.

मग लंबू बोलायला उठली. एवढी उंच मुलगी कॉलेजात दुसरी नव्हती, म्हणून ते नाव. आता ती जनावरांची डॉक्टर होती, आणि तिच्या अंगात आईचा तपकिरी स्वेटर होता. घर आवरताना लेकीने तो कपाटं उपसून शोधला होता.

सभा संपताच तिने लंबूला दारात गाठलं.

"स्वेटर आईचा आहे. मला हवाय."

"त्यांनीच दिला होता गं मला."

"असेल. मला हवाय."

लंबूने स्वेटर काढून दिला. बाहेर बोचरा वारा होता, तरी ती बसथांब्यापर्यंत हिच्याबरोबर आली.

"तुम्ही आणि आई दार लावून काय बोलायचात?" लेकीने विचारलं. इतकी वर्षं ते तिच्या मनात सलत होतं.

"बोलायचो कुठे? त्या शिकायच्या. लग्नामुळे कॉलेज सुटलं होतं ना त्यांचं. माझ्या पुस्तकातून घोड्याची हाडं वहीत काढायच्या, नावं पाठ करायच्या."

आई कॉलेजात होती, हेच लेकीला ठाऊक नव्हतं.

"मला का नाही सांगितलं?"

लंबू जरा घुटमळली. "तू हसशील, असं वाटायचं त्यांना."

हसलीच असती ती. तेव्हाचा स्वतःचा फटकळपणा तिला पुरता आठवत होता.

"ती वही आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"पाठवून द्या."

"नाही," लंबू म्हणाली. थंडीने तिचे ओठ थरथरत होते, पण आवाज ठाम होता. "स्वेटर घे. वही मी देणार नाही."

बस येईपर्यंत दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या राहिल्या.