पाइपातली सुटी पट्टी

मित्रांनो, विजेवर चालणाऱ्या एका ट्रकच्या काचेवरून दहा महिने फिरून झिजलेली वायपरची पट्टी तुमच्याशी बोलते आहे. माझ्या रबराची कड आता दातेरी झाली आहे. थोड्या वेळाने मला भंगाराच्या पिंपात टाकतील. त्याआधी मला माझी हकिगत सांगायची आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आमची रबरे साच्यातून जोडीने निघतात, ओठाला ओठ चिकटलेली. मग एक पाते मधोमध चालते आणि दोघी वेगळ्या होतात. त्या कापामुळेच आमची कड धारदार आणि सरळ होते. माझी जुळी बहीण आणि मी एकाच खोक्यातून एका ट्रक डेपोच्या स्टोअरमध्ये आलो.

तिथला स्टोअरकीपर म्हणजे तीस वर्षे डिझेलचे ट्रक हाकलेला म्हातारा. नजर अधू झाली म्हणून त्याने स्टिअरिंग सोडले होते. सगळे त्याला जपूनकाका म्हणत, कारण त्याचे प्रत्येक वाक्य ‘जपून’ने सुरू होई. आम्हाला तो खिळ्याला उभे टांगून ठेवी. आमच्या कडेवरचे प्लास्टिकचे आवरण काढू देत नसे. तेलाच्या डब्यांजवळ, उन्हात किंवा गरम भिंतीला तो आम्हाला कधी ठेवत नसे. लोक हसत. “काका, पट्ट्या आहेत का पाहुण्या?” असे विचारत. काकांवर त्याचा काही परिणाम होत नसे.

एकदा काका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर रजेवर गेले. त्यांच्या जागी आलेल्या माणसाने खिळे रिकामे केले आणि आम्हाला चार्जिंगच्या कपाटावर आडवे टाकले. ते कपाट दिवसभर तापलेले असे. वर त्याने दिव्यांचे जड खोके ठेवले. मित्रांनो, रबराला दुखते पण ओरडता येत नाही. दुसऱ्याच दिवशी कुणाचा तरी धक्का लागला आणि मी घसरून कपाटामागच्या थंड फरशीवर पडले. बहीण मात्र महिनाभर तिथेच दबून राहिली.

काका परत आले. त्यांनी मला कपाटामागून काढले आणि आम्हा दोघींना ओल्या काचेवर ओढून पाहिले. माझ्यामागे काच लख्ख झाली. बहिणीमागे पाण्याचे पट्टे राहिले. तिचा ओठ एका बाजूला मुरडला होता आणि तो पुन्हा सरळ होणार नव्हता. “कामाला लागायच्या आधीच गेली बिचारी,” असे म्हणून काकांनी तिला पिंपात टाकले. मी एकटी उरले.

काकांची मुलगी त्याच डेपोत ट्रक चालवायची. तिचा ट्रक विजेचा, अगदी मुका. बापाला त्या मुकेपणाचीच धास्ती होती. “आमचा ट्रक यायचा तर मैलभर आधी कळायचं,” तो म्हणे. “तुझा अंगावर येईपर्यंत कळत नाही. लोकांना ऐकू येणार नाही, म्हणजे तुलाच दिसायला हवं.”

एका सकाळी त्याने पाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा कापला, दोन्ही टोकांना टोपणे बसवली आणि मला आत सरकवले. पाइप घेऊन तो मुलीच्या ट्रकपाशी गेला.

“तुझी उजवी पट्टी कुरकुरतेय. आत्ताच बदल, नाहीतर ही बरोबर तरी ठेव.”

“बाबा, परत आल्यावर बदलू ना!” ती हळू पण रागाने म्हणाली. “सगळा डेपो बघतोय. मी काय शाळेत चाललेय, डबा देऊन पाठवायला?”

“अगं, जपून...”

“पुरे झालं तुमचं जपून! माझ्या ट्रकमध्ये तुमची अडगळ नको.”

काकांचा चेहरा पडला. ती कागदांवर सही करायला आत गेली, तेव्हा त्यांनी गुपचूप पाइप सीटमागच्या कोपऱ्यात खोचला आणि ते निघून गेले. दोन दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. घरातही नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रकमध्ये ऑक्सिजनच्या नळकांड्या भरल्या. डोंगरावरच्या गावातल्या छोट्या रुग्णालयाला त्या तातडीने हव्या होत्या. दुपारी चढण लागली आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. पुढे खडीचे ट्रक होते. त्यांच्या चाकांचा चिखल काचेवर येऊन आदळत होता. मी पाइपाच्या अंधारात पडून माझ्या थोरल्या बहिणीची, काचेवरच्या जुन्या पट्टीची कुरकुर ऐकत होते. ती वाढत गेली. मग ‘चर्र’ असा आवाज आला आणि पाठोपाठ लोखंड काचेवर घासू लागले.

तिचे रबर फाटून निघाले होते.

मुलीने वायपर बंद केला. क्षणात तिच्यासमोर चिखलाचा पडदा आला. डावा वायपर चालू केल्याशिवाय गत्यंतर नव्हते, पण तो लावला की उजवाही फिरे आणि काच खरवडे. एका बाजूला दरी, मागे गाड्या. डावीकडे झुकून, उरलेल्या अर्ध्या काचेतून बघत, हॉर्न वाजवत ती चालण्याच्या वेगाने पुढे सरकली. मी हातभर अंतरावर होते आणि तिला ते माहीतच नव्हते! मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण पट्टीला कुठला आवाज?

कशीबशी ती एका खाणीच्या फाटकापाशी थांबली. तेवढ्यात फोन वाजला. रुग्णालयातली नर्स होती.

“ताई, कुठपर्यंत आलात? आमच्याकडे दोनच उरल्यात.”

“येतेय,” ती म्हणाली. फोन ठेवला आणि तिने कपाळ स्टिअरिंगला टेकले. मग बापाला फोन लावला.

“बाबा, उजवी पट्टी फाटली. मला काही दिसत नाहीये.” तिचा आवाज फुटला. “तुम्ही म्हणाला होतात.”

“सीटच्या मागं बघ. कोपऱ्यात पाइप आहे.”

“तुम्ही ठेवलात? मी नको म्हणाले तरी?”

“घरी आलीस की भांड. आधी टोपण काढ.”

टोपण निघाले आणि माझ्यावर उजेड पडला. ती पावसात उतरली. बापाने फोनवरून सांगितल्याप्रमाणे तिने काचेवर टॉवेलची घडी ठेवली, म्हणजे लोखंडी दांडा निसटून आपटला तरी काच तडकणार नाही. फाटकी पट्टी काढली. माझ्या कडेवरचे आवरण उतरवले आणि मला दांड्यात सरकवले.

“कट् असा आवाज आला का?” बापाने विचारले.

“पाऊस केवढा आहे, काही ऐकू येत नाही. बसलीय वाटतं.”

“वाटून चालणार नाही. ओढून बघ.”

तिने ओढले आणि मी अलगद तिच्या हातात आले! दांड्याच्या खाचेत चिखलाचा खडा अडकला होता. तशीच निघाली असती, तर पहिल्याच झटक्याला मी दरीत गेले असते. तिने रुमालाच्या टोकाने खाच साफ केली आणि बोट खटक्यावर ठेवून मला पुन्हा ढकलले. आवाज तिला आलाच नाही, पण बोटाला कळले. तिने जोर लावून ओढले. मी हलले नाही.

मित्रांनो, ते माझे पहिले काम. घाबरण्याइतकाही वेळ नव्हता. मी काचेवरून फिरले, चिखल बाजूला झाला आणि रस्ता दिसू लागला. तीन वळणे गेली. चौथ्या वळणावर मी डावीकडून उजवीकडे आले आणि काचेच्या मधोमध एक पिवळा रेनकोट दिसला. एक बाई वाकून गटारातले दगड काढत होती. पाठ ट्रककडे. पावसात तिला मुका ट्रक ऐकू येत नव्हता.

मुलीने ब्रेक दाबला. ट्रक घसरला, थरथरला आणि थांबला. बाई वळली. दोघींमध्ये चार पावलांचे अंतर होते.

“अगं, आवाज तरी करायचा की!” बाई छातीवर हात ठेवून ओरडली.

“चुकले मावशी, वळणावर हॉर्न द्यायला हवा होता.” मुलीचे ओठ पांढरे पडले होते. “पण दिसलात, देवाची कृपा.”

“जा, जा, सावकाश जा.”

पुढच्या प्रत्येक वळणावर तिने हॉर्न दिला. रुग्णालयाच्या दारात नर्स आणि वॉर्डातली माणसे पावसात उभीच होती. शेवटची नळकांडी लावलेली असताना नव्या आत गेल्या.

संध्याकाळी डेपोच्या फाटकात काका काठी टेकून उभे होते. मुलगी खाली उतरली. काकांनी माझ्या कडेवरून बोट फिरवले.

“भांडायचं होतं ना?” काका म्हणाले.

“उद्या भांडू,” ती डोळे पुसत म्हणाली. “आधी बाकीच्या ट्रकांना पाइप कापून द्या. मी टोपणं बसवते.”

त्यानंतर दहा महिने मी काच पुसली. कौतुक पहिल्या आठवड्यात संपले. नंतर माझी आठवण फक्त पाऊस आला की व्हायची, आणि ते योग्यच होते. आज सकाळी मी पहिल्यांदा पाण्याचा एक बारीक पट्टा मागे सोडला. मुलीने तो पाहिला, ट्रक बाहेर न काढता ती सरळ स्टोअरमध्ये गेली आणि नवी पट्टी घेऊन आली. मित्रांनो, मला काढताना तिने अजिबात वेळ घालवला नाही, आणि मला त्याचे जराही वाईट वाटले नाही.

रोज न लागणारी वस्तू सांभाळणे सर्वांत कठीण असते. ती मुकाट्याने पडून असते आणि मुकाट्यानेच खराब होते. तिच्यावर ओझे ठेवू नका, तिला उन्हात टाकू नका, आणि कुणी ती तुमच्या हातात देत असेल तर चारचौघांत त्याला झिडकारू नका. आणि माझ्यासारखीला बदलायचे असेल, तर काचेतून अजून दिसते आहे तोवरच बदला.