तारलीची पंगत

शलाकाच्या आईच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ होती. मंगळवारी दुपारी त्या गाठीतून पहिली बाई बाहेर आली आणि हातपाय धुऊन थेट जेवायला बसली. हुबेहूब आई. तेच नाक, तीच पोपटी साडी, आमटीसाठी भातात बोटानं आळं करायची तीच सवय. भात संपला तशा तिच्या एकीच्या दोघी झाल्या. दोघींनी ताटं पुढे केली.

"आणखी एक पाट मांड गं," आई म्हणाली.

आठवड्याभरात पंगत ओसरीवरून माजघरात शिरली. शलाकाचं अभ्यासाचं टेबल अंगणात गेलं. आई वाळत चालली, आणि तिच्यासारख्या दिसायच्या म्हणून त्याही वाळत चालल्या, कितीही जेवल्या तरी. पंगत उठेपर्यंत वाढणारीनं बसायचं नाही, ही त्या घरची रीत. ही पंगत उठतच नव्हती.

शलाका अकरावी सायन्सला होती आणि गप्प बसणं तिला ठाऊकच नव्हतं. ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"तेलकट मासळीतल्या फॅटी ॲसिडनं अशा पेशी मंदावताना दिसल्यात, प्रयोगशाळेत," बाई म्हणाल्या. "माणसांत अजून नक्की नाही. आणि मंदावतात म्हटलं हं मी, जातात नाही म्हटलं. औषधं चालूच ठेवा."

शलाकानं बंदरावरून टोपलीभर तारली आणली. आईनं तिरफळं घालून तिखलं केलं नि वाढलं.

"मीठ कमी झालंय," पंगतीतली एक म्हणाली.

"फुकटचं जेवायचं आणि वर नावं ठेवायची!" शलाका म्हणाली.

बाई तोंडाला पदर लावून हसली, अगदी आईसारखी. मग तिचा घास ताट आणि तोंड यांच्या मधेच रेंगाळला. तिच्यातून दुसरी निघत होती, ती खांद्यापर्यंत येऊन थबकली. बघता बघता सगळी पंगत संथ झाली.

शलाकानं टाळीच वाजवली. "बघ, जमलं की नाही? आता तू बस."

"यांचं उरकू दे, बाळा."

"यांचं कधी उरकायचं? चार घास तुझ्या पोटात नकोत का जायला? आण ती पळी इकडे!"

आईनं नको नको म्हणत पळी दिली. पंगतीतल्या दोघींच्या मधे एका पाटाची जागा होती. तिथे ती मांडी घालून बसली. बसताना तिला फार बरं वाटलेलं दिसलं.

शलाका आत गेली. पातेल्याच्या तळाशी एकच तारली उरली होती, चांगली जाडजूड. ती पळीत घेऊन शलाका बाहेर आली.

पंगत भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग होती. मधे कुठेच फट नव्हती.

"आई?" तिनं हाक मारली.

सगळ्याजणींनी सावकाश माना वर केल्या आणि तोंडं उघडली.