मी फिरवलेलं महामायेचं रक्त

मित्रांनो, रक्त फिरवणं हा माझा धंदा. आता म्हातारा झालो आहे, झाकणाला पोचा आहे, आणि लातूरच्या एका रक्ततपासणीच्या दुकानात टेबलाखाली पडून असतो. दुकानच म्हणतो मी, पाटीवर काही का लिहिलेलं असेना. माझं खरं नाव सेंट्रिफ्यूज. तिथं रक्त काढणारा वीरण्णा मला मामा म्हणायचा. सकाळी बटण दाबताना विचारायचा, "काय मामा, उठले का न्हाई?" मी घरघरायचो.

माझ्या पोटात काचेच्या नळ्या ठेवायच्या खोबणी आहेत. एका खोबणीत रक्ताची नळी, समोर तेवढ्याच वजनाची दुसरी. मग मी गरगर फिरतो. थांबलो की लाल तेवढं तळाला बसलेलं असतं आणि वर उरतं करडईच्या तेलासारखं निवळ, पिवळसर पाणी. उभा जन्म हेच बघितलं, तरी झाकण उघडलं की दर वेळी मला नवल वाटायचं. शरीर आतल्या आत कुणाशी झुंजतंय हे त्या चमचाभर पाण्याला ठाऊक असतं. तोंड खोटं बोलतं. पाणी खोटं बोलत नाही.

भूकंप झाला तेव्हा मी कोरा होतो. पहाटे टेबलावरून फेकला गेलो, पोचा तेव्हाचा. मला उचललं, पुसलं आणि पुन्हा कामाला लावलं. ढिगाऱ्याखालून काढलेल्यांचं रक्त मी फिरवलं आणि त्यांना रक्त द्यायला रांगेत उभ्या राहिलेल्यांचंही. जातीगणिक पाणी वेगळं निघत असतं, तर सगळ्यांच्या आधी मला दिसलं असतं. निघालं नाही. ज्याला पटत नसेल त्यानं येऊन माझं झाकण उघडून बघावं.

पुढं शहराला शिकवण्यांचं वारं लागलं. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागले. ज्यांचे लागले नाहीत, त्यांचं रक्त माझ्याकडं यायचं. चक्कर, अशक्तपणा, पोटदुखी. आईबाप आधी विचारायचे, "परीक्षेला बसता येईल ना?" पोर बरं होईल का, हे मागाहून. मला चीड यायची. पण यंत्र चिडून घरघरलं की लोक म्हणतात, तेल घाला.

त्याच दिवसांत महामाया आली. अहमदपूरकडच्या खेड्यातली, बारावीची पोर. बाप साहेबराव एसटीत कंडक्टर, आई सरजाबाई. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं. घरी रोज ज्वारीची भाकरी, गहू सणावाराला. सणाच्या दुसऱ्या दिवशी ती हमखास आडवी पडायची, पण घरचे म्हणायचे पुरण जड गेलं. लातूरला मेस लागली, दोन्ही वेळा चपाती आली आणि पोरीचे हाल सुरू झाले. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, केस पुंजक्यानं गळायचे. मेसवाली केवळाबाई म्हणायची, "माझ्या चपात्या खाऊन पोरं डॉक्टर झाली. तुझंच पोट कसं गं निजामाचं?" वर्गातले म्हणायचे, अभ्यासाची भीती.

मग सरजाबाईनं आपल्याकडची कोणतीही आई करते तेच केलं. एसटीनं डबा धाडायला लागली. मित्रांनो, लातुरात शिकणाऱ्या किती पोरांचे डबे असे गावाहून येतात, ते बसस्थानकावर जाऊन बघा. महामायेचा डबा तर बापाच्याच गाडीनं यायचा. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. पोटाचं दुखणं हळूहळू थांबलं. अशक्तपणा मात्र जाईना. शेवटी नांदेडच्या एका डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की गव्हाच्या त्रासाची रक्ततपासणी करा. एवढंच लिहिलं. ती काय खाते, हे विचारलं नाही.

वीरण्णानं रक्त काढलं, मी फिरवलं, पाणी बर्फात घालून पुण्याला गेलं. उत्तर आलं, काही नाही.

साहेबराव कागद खिशात घालत म्हणाले, "न्हाई निघालं काही. म्हंजे पोटात न्हाई, मनात हाय. सामान भर माये. शिकवणी बास झाली."

महामाया भिंतीकडं बघत उभी राहिली. सरजाबाईच्या हातात त्या दिवशीचा डबा होता. आमच्या डॉक्टर मुग्धाताई दारातून आत येत होत्या, त्यांची नजर डब्यावर पडली.

"यात काय आहे?"

"भाकर हाय."

"रोज भाकरीच?"

"पोळ्याच्या सणापासून. गव्हाचा कण न्हाई दिला मी तिला," सरजाबाई अभिमानानं म्हणाली.

मुग्धाताई खुर्ची ओढून सरजाबाईसमोर बसल्या. तेव्हा सगळ्या गावाआधी मला कळलं ते तुम्हालाही सांगतो. काही माणसांच्या शरीराला गव्हातला चिकटपणा शत्रू वाटतो. मग शरीर सैनिक तयार करतं, आणि ते सैनिक आपल्याच आतड्यावर तुटून पडतात. त्या सैनिकांना प्रतिपिंड म्हणतात. तपासणी त्यांनाच शोधते. पण गहूच बंद असेल, तर सैनिक ओसरतात. पाणी खरं तेच बोललं होतं. विचारणाऱ्यांची वेळ चुकली होती.

"खात्री करायची तर पुन्हा गहू खावा लागेल," मुग्धाताई म्हणाल्या. "रोज. महिना-दीड महिना. फार सोसेना झालं तर लगेच माझ्याकडं यायचं."

साहेबराव उसळले. "पोरीला मुद्दाम दुखणं द्यायचं?"

"खाते मी, आबा," महामाया म्हणाली. "आता बी मी खोटीच हाय तुमच्यासाठी. आजारी पडून का व्हईना, खरी तर व्हते."

साहेबरावांनी खिशातला कागद काढून मुग्धाताईंच्या पुढं ठेवला.

त्या पोरीनं मेसची चपाती पुन्हा धरली. रोज खायची, रोज पोट धरून वर्गात बसायची. नंतर आली तेव्हा वीरण्णाला शीर सापडेना. नेहमी थट्टा करणारा माणूस, त्या दिवशी मला मामासुद्धा म्हणाला नाही. मी फिरलो. थांबलो. वर तेच निवळ पाणी. आधीचं पाणी शेजारी ठेवलं असतं, तर फरक मला सांगता आला नसता. आणि तरी त्यात एक अख्खी फौज उभी होती. डोळ्यांना दिसत नाही, आवाज नाही, वास नाही. मित्रांनो, भूकंपानं मला टेबलावरून फेकलं, पण हललो मी त्या दिवशी.

पुण्याहून आकडा आला तो भलताच चढा. मग दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून बघितला, त्यानंही तेच सांगितलं. गहू जन्मभर बंद.

"म्हंजे माझीच भाकर आडवी आली?" सरजाबाईनं विचारलं.

"तेव्हा आली. आता तीच औषध," मुग्धाताई म्हणाल्या. मग बजावलं, गिरणीत गव्हामागं दळलेलं पीठ नको, मैदा घातलेला हिंग नको, आणि मेसमध्ये तिचा तवा वेगळा हवा.

वेगळा तवा म्हटल्यावर साहेबरावांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या आज्याला गावात पाणी वेगळ्या गाडग्यात द्यायचे, मॅडम. लेकीला आता वेगळा तवा?"

महामायाच बोलली. "ते गाडगं त्यांच्या विटाळासाठी व्हतं, आबा. हा तवा माझ्या पोटासाठी हाय. अन् तो मीच मागायलेय."

साहेबराव उठले आणि तडक बाजारात गेले. नवा लोखंडी तवा घेऊन आले, आणि त्यावर तिचं नाव घालून घेतलं होतं. केवळाबाईनं तो तवा बघितला आणि म्हणाली, "बरं बाई, निजामाला निजामाचा तवा."

महामायेची शिकवणी सुटली नाही. तिचा फोटो चौकात लागला का, मला ठाऊक नाही, टेबलावरून चौक दिसायचा नाही. पण पुढं ती वर्षावर्षाला रक्त तपासायला येत राहिली. आकडा दर खेपेला उतरायचा, आणि तिच्या शिरा वीरण्णाला लांबूनच दिसायच्या.

पुढं नवं यंत्र आलं आणि मला खाली सरकवलं. धूळ बसली आहे. माझं काही मागणं नाही, कधी पुसलंत तर बरं. पण तुमच्या शेजारच्या बाकावरचं पोर पोट धरून बसलं, तर त्याला नाटकी म्हणू नका. आणि घरच्यांना सांगा, गव्हाची शंका असेल तर गहू बंद करण्याआधी रक्त तपासा. त्या पाण्याला खरं बोलायला लावण्यासाठी पुन्हा कुण्या महामायेला आजारी पडावं लागू नये.